नायट्रसची बाटली केवढी घ्यावी?

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. तर नायट्रस, म्हणजे इंजिनाची ताकद तेवढ्यापुरती वाढवायला आत सोडतात तो नायट्रस ऑक्साइड वायू, त्याच्या बाटलीबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ५ पौंडाची घेऊ का १० ची, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा असं असतं की मोठी बाटली म्हणजे जास्त हॉर्सपॉवर. नाही हो. पॉवर ठरते जेटवर, ते बारीक भोकाचं एवढंसं पितळी बुच असतं ना, त्यावर. बाटली म्हणजे नुसती टाकी. गच्चीवर ५०० लिटरची टाकी ठेवा नाहीतर १००० ची, नळ तोच असेल तर बादली भरायला वेळ तेवढाच लागणार.

इकडे अमेरिकेत ड्रॅगवाल्यांच्या, म्हणजे सरळ ट्रॅकवर शर्यत लावणाऱ्यांच्या, दुकानात अडीच, ५, १०, १५, २० पौंड अशा बाटल्या मिळतात. हा आकडा आतल्या मालाचा, बाटलीचं वजन वेगळं, १० ची भरलेली ॲल्युमिनियमची बाटली २५ पौंडांच्या आसपास जाते, म्हणजे ११ किलोच्या वर. अडीचवाली मोटरसायकलला बरी.

आता हिशेब. ढोबळमानाने १०० हॉर्सपॉवर वाढवायला १० सेकंदांना ०.८ ते १ पौंड नायट्रस जातो. समजा तुमचा शॉट १५० चा आहे, म्हणजे नायट्रसने १५० हॉर्सपॉवर वाढवताय, आणि ट्रॅक क्वार्टर माईल, म्हणजे ४०२ मीटर, त्यात नायट्रस साधारण १० सेकंद चालू राहतो. एका रनला झाला सव्वा ते दीड पौंड, वर लाइनीवर उभं राहून पर्ज मारता, तो पांढरा फवारा सोडता फोटोसाठी, तोही फुकट नसतो. कागदावर १० पौंडात ६-७ रन बसतात. पण मी ५ च धरतो, आणि का धरतो तेच आज सांगायचंय.

नायट्रस बाटलीत द्रव असतो, स्वतःच्याच वाफेच्या दाबाखाली, अगदी आपल्या घरच्या गॅस सिलिंडरसारखा. केटररवाले बघितलेत ना, लग्नात मोठी भट्टी पेटली की सिलिंडरला घाम फुटतो, बर्फ धरतो, ज्योत मलूल होते, मग ते सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात उभा करतात. इथे तेच होतं. द्रव बाहेर गेला की रिकामी जागा भरायला उरलेला थोडा उकळतो, उकळताना उष्णता उरलेल्या द्रवातूनच ओढतो, द्रव गार, दाब कमी. आणि बाटली लहान, शॉट मोठा असेल तर हे भराभर होतं. दाब पडला की नायट्रस कमी जातो पण पेट्रोलचा पंप आपला तेवढाच ढकलत राहतो, मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त, आणि गाडी अर्ध्या ट्रॅकवर दम टाकते. उलट बाटलीचा हीटर जास्त तापवून दाब फार चढवलात तर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन नॉक करतं, आत मिश्रण अवेळी पेटून ठोके बसतात, पिस्टन वितळतो, तो खर्च मी बोलत नाही. म्हणून दाब ९०० ते १००० पीएसआयच्या, म्हणजे पौंड प्रति चौरस इंचाच्या, मधे ठेवायचा, आणि शेवटचा पाव हिस्सा मोजायचाच नाही. ३०० च्या वरचे शॉट मारणारे लोक दोन बाटल्या जोडतात त्या हौस म्हणून नव्हे.

आणि गेज बघून बाटली भरलीय म्हणणाऱ्यांनो, तुमच्यासाठी खास. आत थोडासा जरी द्रव असला तरी गेज दाब तापमानाप्रमाणेच दाखवतो, माल किती उरला ते नाही. मी एकदा एका दुकानातून १० ची भरून आणली, काटा छान ९५० वर, घरी बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवली तर रिकाम्या वजनापेक्षा फक्त ७ पौंड जास्त. पैसे १० चे घेतले होते! तेव्हापासून मी काटा बरोबर नेतो, दुकानदार हसतो, हसू दे. रिकाम्या बाटलीचं वजन लिहिलेलं असतं, ते वजा करायचं, झालं.

मग घ्यायची कुठली? रस्त्यावरची गाडी, ७५ ते १०० चा शॉट, महिन्यातून एकदा ट्रॅक, तरीही १० च घ्या, ५ ची घेऊन दर दुसऱ्या शनिवारी भरायला पळण्यापेक्षा. १५ ची घेताना आधी डिकीत टेप धरून मोजा, कारण बाटली नुसती बसून चालत नाही, व्हॉल्व्ह पुढे, थोडी तिरकी, लेबल वर अशी बसवायची, आतल्या द्रव ओढणाऱ्या नळीचं तोंड मागच्या तळाला येतं आणि गाडी सुटली की द्रवही मागेच जातो. उलटी बसवलीत तर नळी वाफ ओढणार.

पुण्याहून आलेल्या एका पोराने मघाशी विचारलं, तिकडे लावता येईल का. बाबा रे, रस्त्यावरच्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे अडकतो, आणि दाबाचे सिलिंडर पेसोच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संस्थेच्या, अखत्यारीत येतात, ऑफिस आपल्या नागपुरातच आहे. तेव्हा इथे शिकून घे, तिथे गाडीला हात लावू नको.

काकू, तुमचा प्रश्न राहिला, घरी कुठे ठेवतो. गॅरेजमधे, सावलीत, पट्ट्याने बांधून. उन्हात बंद गाडीत कधीच नाही, ३६ अंशांच्या वर नायट्रस द्रव राहतच नाही, दाब सरसर चढतो, आणि ३००० पीएसआयला सेफ्टी डिस्क, म्हणजे जादा दाब सोडणारी चकती, फुटली की अख्खी बाटली डिकीत रिकामी होते.