मिलानचं रिकॉर्दी दफ्तर

मिलानमधला ब्रेरा राजवाडा. लोक इथे येतात ते चित्रं पाहायला. पण याच वास्तूतल्या ब्राइदेन्से राष्ट्रीय ग्रंथालयात रिकॉर्दी या संगीत-प्रकाशनसंस्थेचं दफ्तर, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा संग्रह आहे, आणि इटलीचा ऑपेरा त्यात कागदावर जपलेला आहे. इटालियन संगीतकार वेर्दींच्या २८ ऑपेरांपैकी २३ ऑपेरांची स्वरलिपी इथे त्यांच्या स्वतःच्या अक्षरात आहे.

ही पुण्याई एका नकलनवीसाची. जोव्हान्नी रिकॉर्दी मूळचे व्हायोलिनवादक. नाटकगृहांना स्वरलिपीच्या नकला करून देत. १८०७ मध्ये लाइपझिशला जाऊन ते पत्र्यावर स्वरलिपी कोरून छापायची कला शिकले. १८०८ मध्ये त्यांनी प्रकाशनसंस्था काढली. पूर्ण ऑपेरा तेव्हा सहसा छापत नसत, नाटकगृहं हाताने केलेल्या नकलांवर चालत. रिकॉर्दींचा हिशेब साधा होता : मूळ प्रत आपल्याकडे, नकला भाड्याने. १८२५ मध्ये तर त्यांनी ला स्काला नाटकगृहाचा संग्रहच विकत घेतला. धंद्यासाठी जपलं, म्हणून आज हातात आहे.

१९४३ च्या बॉम्बहल्ल्यात रिकॉर्दींचा छापखाना उद्ध्वस्त झाला. हस्तलिखितं आधीच हलवली होती, ती वाचली.

आता वेर्दींचं पान नीट पाहा. ते आधी गायकांच्या आणि बासच्या (सर्वांत खालच्या स्वरांच्या) ओळी लिहीत, इतर वाद्यांच्या जागा कोऱ्या सोडत, आणि मागाहून भरत. शाईच्या छटांवरून अभ्यासकांना हा क्रम लावता येतो. छापील प्रतीत तो कुठून दिसणार? उलट नकलेत शिरलेल्या चुका तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाजत राहिल्या. त्या दुरुस्त करायला शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनाने आणि रिकॉर्दीने वेर्दींच्या चिकित्सक, म्हणजे मूळ हस्तलिखितांशी ताडून पाहिलेल्या, आवृत्त्या हाती घेतल्या. पहिली आली ‘रिगोलेत्तो’, १९८३ मध्ये.

मला सर्वांत अस्वस्थ करतात ते इटालियन संगीतकार पुच्चिनींचे कागद. १९२४ मध्ये ते ब्रसेल्सला वारले, तेव्हा त्यांच्या ‘तुरान्दोत’ या ऑपेराचा शेवट अपुरा होता. उरले कच्चे आराखडे. त्यांतल्या एकावर दोनच शब्द, ‘मग त्रिस्तान’. जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातल्या नायकाचं नाव इथे का, यावर आजही वाद होतात. संगीतकार फ्रांको आल्फानो यांनी शेवट पूर्ण केला. तरी २५ एप्रिल १९२६ ला, पहिल्याच प्रयोगात, पुच्चिनींचं लेखन जिथे संपलं तिथे वाद्यवृंदाचे संचालक तोस्कानिनींनी वादन थांबवलं. पुढे २००१ मध्ये संगीतकार लुचानो बेरिओ त्याच आराखड्यांकडे वळले, आणि त्यांनी ‘तुरान्दोत’ला वेगळा शेवट दिला.