जुन्या बाजारातलं पदक

(अमेरिकेतल्या ऑल्बनी गावच्या मराठी मंडळींच्या कोजागिरी मेळाव्यातलं भाषण. माईकची खरखर आणि मागच्या रांगेतल्या गप्पा वगळून.)

नमस्कार मंडळी. समितीनं मला दहा मिनिटं दिली आहेत आणि तिकडे मसाला दूध उकळतंय, तेव्हा एक डोळा पातेल्यावर ठेवूनच बोलतो. विषय दिला होता 'माझ्या आठवणीतलं पुणं'. त्यात पर्वती आणि अमृततुल्य यायला हवं. येणार नाही, माफ करा.

जुलैत पुण्याला गेलो होतो. रविवार होता, म्हणून लेकीला जुना बाजार दाखवायला नेलं. तुम्हाला काय वेगळं सांगायचं! बंद घड्याळं, अडकित्ते, एका पायाचं जोडवं. एका गोणपाटावर नाण्यांच्या ढिगात चांदीचं पदक होतं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडाबंब माणूस, आणि 1914 व 1918 हे आकडे. घोडेस्वाराला बघून लेक फिदीफिदी हसली. विक्रेत्यानं साडेचार हजार सांगितले. आता मी पडलो सदाशिव पेठेतला. वीस मिनिटं घातली, दोनदा निघून गेल्यासारखं केलं आणि अठ्ठावीसशेला घेतलं. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात दादाला सांगितलं. दादा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "बावीसशेला दिलं असतं."

रात्री लेक मोबाइलच्या उजेडात पदकाची कड वाचत बसली. त्या पदकांच्या कडेवर ज्याचं त्याचं नाव असे. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. पलटण मराठ्यांची. आडनाव असं, की या सभागृहात ते तिघांचं आहे.

"बाबा, हे त्यांनी स्वतः विकलं?"

"नसेल गं. नंतर घरच्यांनी कुणीतरी."

"म्हणजे पैसे नव्हते त्यांच्याकडे." थोडा वेळ गप्प. मग, "आणि तू त्यातले आणखी कमी केलेस?"

मी समजावलं की पैसे दुकानदाराला जातात, त्या शिपायाला नाही. हिशेबानं उत्तर बरोबर आहे. ते देताना मी दिवा बंद करायला उठलो होतो, एवढंच.

इथवर संपलं असतं. पण सप्टेंबरात लेकीच्या शाळेत 'आपल्या गावातला वीर' असा प्रकल्प आला आणि तिनं निवडला हेन्री जॉन्सन. त्या नावाच्या रस्त्यानं मी एकोणीस वर्षं इथं ऑल्बनीत गाडी चालवतोय. फोनमधली बाई रोज ते नाव घेते. मला वाटे, असेल कुणी नगरसेवक.

हा माणूस इथल्या रेल्वे स्टेशनवर हमाल होता. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकेच्या काळ्या शिपायांच्या 369व्या पलटणीत होता. अमेरिकेच्या गोऱ्या सैन्याबरोबर लढू देईनात, म्हणून ही पलटण फ्रेंचांच्या हाताखाली दिलेली. मे 1918 मधल्या एका रात्री फ्रान्समधल्या आर्गॉनच्या जंगलाच्या कडेला हा आणि नीडहॅम रॉबर्ट्स पहाऱ्यावर असताना जर्मनांची टोळी चालून आली. जखमी रॉबर्ट्सला ते उचलून नेऊ लागले. जॉन्सनची बंदूक चालेना, तेव्हा तो दस्त्यानं लढला, दस्ता तुटल्यावर सुऱ्यानं. अंगावर 21 जखमा. साथीदाराला सोडलं नाही. फ्रान्सनं 'क्रॉ द गेर' हे शौर्यपदक दिलं. फेब्रुवारी 1919 मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर मिरवणूक निघाली. सरकारनं युद्धनिधीची तिकिटं खपवायला त्याचं नाव वापरलं.

आणि सैन्यातून सोडतानाच्या कागदावर जखमांचा उल्लेखच नाही! हमाली आता जमेना. 1929 च्या जुलैत तो गेला, तिशीतच. कुठेतरी बेवारशासारखा पुरला असेल, असंच लोक धरून चालले होते. कबर आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत आहे हे 2000 नंतर उलगडलं. देशाचं सर्वोच्च पदक मिळालं 2015 साली, ओबामांच्या हस्ते. घ्यायला घरचं कुणी नव्हतं. न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका सार्जंट मेजरनं घेतलं. पुढे 2023 मध्ये लुइझियानातल्या एका लष्करी तळाला त्याचं नाव दिलं आणि दोन वर्षांत काढूनही टाकलं. पाट्या बदलण्यात आपल्याच पालिका तरबेज आहेत, असं मला उगाच वाटायचं.

लेकीनं प्रकल्पाच्या कागदावर एका बाजूला जॉन्सन काढला आणि दुसऱ्या बाजूला आमचं पदक, घोडेस्वाराला चड्डी घालून. बाईंनी विचारलं, दोघांचा संबंध काय? म्हणाली, "दोघांचं नाव लोकांनी उशिरा वाचलं."

आता थोडं कडू बोलतो, दूध गोड आहेच. आपण गेल्या वर्षी एकांकिकांचा करंडक ठेवला. ज्या काकांच्या नावानं ठेवला, त्यांनी पहिल्या गणपतीला स्वतःच्या गॅरेजमध्ये सव्वाशे माणसांची खिचडी केली होती. भाषणं छान झाली, माझंही झालं. शेवटची दोन वर्षं काका वृद्धाश्रमात होते. तिथून देवळात न्यायला गाडी हवी, असा निरोप आपल्या ग्रुपवर यायचा. त्याखाली जोडलेले हात यायचे, फुलं यायची. गाडी किती वेळा गेली? मी एकदाच गेलो, आणि तेव्हाही परतताना भाजी घ्यायची होती. करंडकाला मात्र आपण मुलामा चांगला दिलाय.

पदक सध्या लेकीच्या कंपासपेटीत आहे. दादा म्हणतो, संग्रहालयाला दे. बायको म्हणते, गाव शोध. नंबर आहे, पलटण आहे, शोधणाऱ्याला सापडेलही.

आणि त्या आडनावाचे तिघं इथं समोर बसले आहेत. दीड महिना झाला, मी त्यांना विचारलेलं नाही. विचारायला काय लागतं? गाव कुठलं, पणजोबा पलटणीत होते का. पण समजा, निघाले त्यांचेच. त्यांनी पदक हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि आपल्या सवयीप्रमाणे विचारलं, "केवढ्याला पडलं?"

दूध उतू जातंय, कुणीतरी बघा.