उंचावरच्या सरोवरातला कृमी: ‘नवीन’ म्हणण्याआधी

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की लडाखचे फोटो बघायला मिळतील. दोन-चार आहेत, चहाच्या वेळी दाखवतो. पण खरं सांगायचं तर नवीन प्रजाती सरोवरावर सापडत नाही. तिथे सापडतो चिखल. प्रजाती सापडते ती खाली आल्यावर, टेबलावर. आणि बहुतेक वेळा तिथेही सापडत नाहीच.

ज्यांच्या घरी माशांची टाकी आहे, त्यांनी या प्राण्याचे भाऊबंद पाहिलेत. दुकानात लालसर गुंता वळवळत असतो, ट्युबिफेक्स म्हणून विकतात, तोच. गांडुळाचाच पाण्यातला नातेवाईक, पण दोऱ्याइतका बारीक. डोकं चिखलात खुपसलेलं आणि शेपूट वर पाण्यात हलत असते, कारण प्राणवायू तो शेपटीकडच्या त्वचेतून घेतो.

गोळा करण्याचा भाग चटकन सांगतो, कारण तो कष्टाचा आहे, अवघड नाही. होडीतून एकमन ग्रॅब, म्हणजे जबडे असलेली चिखल उचलायची पेटी, दोरीने तळापर्यंत सोडायचा, वरून वजन सोडलं की त्याचे जबडे मिटतात. वर आलेला चिखल बारीक चाळणीतून धुवायचा, उरलेला गाळ बाटलीत भरायचा. पँगाँग सुमारे ४,२५० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो. त्याचा त्रास दोरी ओढणाऱ्याला होतो, कृमीला नाही.

खरं काम पुढे. कृमी लॅक्टोफिनॉल नावाच्या द्रवात ठेवला की शिजलेल्या साबुदाण्यासारखा आरपार दिसायला लागतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक खंड मोजत जायचं. पहिला सोडला तर बहुतेक खंडांवर दृढरोमांचे, म्हणजे त्वचेतून निघालेल्या ताठ रोमांचे, जुडगे असतात, वरच्या बाजूला आणि पोटाकडे. त्यांची टोकं दुभंगलेली आहेत का, दोन दातांपैकी वरचा लांब की खालचा, मध्ये कंगव्यासारखे बारीक दाते आहेत का, केसासारखे लांब रोम आहेत का, हे सगळं बघायचं आणि कागदावर काढायचं. हो, अजूनही हाताने काढतात. फोटोत एका वेळी एकच पातळी स्पष्ट येते. चित्र काढणारा खालीवर फोकस करत संपूर्ण रोम बघू शकतो.

पण दृढरोमांवर फार भिस्त ठेवता येत नाही. ट्युबिफेक्सच्या उपकुळात खरी ओळख पटते ती जननेंद्रियांवरून. वृषणं दहाव्या खंडात, अंडाशय अकराव्यात, नराचं छिद्रही अकराव्यात. लिम्नोड्रिलससारख्या काहींमध्ये शिश्नाभोवती कडक आवरण असतं. त्याची लांबी रुंदीच्या किती पट आहे आणि टोकाचा आकार कसा आहे, यावर प्रजातीचा निवाडा होतो. आता अडचण बघा. हे अवयव फक्त प्रौढ कृमीत असतात. तुम्ही गेलात त्या ऋतूत सगळे अर्धवट वाढलेले असले, तर बाटलीभर नमुने असूनही हाती काही नाही. थंड सरोवरात वाढ सावकाश होते, म्हणजे ही पंचाईत तिथे जास्तच.

रोमांची गोष्ट जरा विस्ताराने सांगतो, कारण तिथेच भले भले फसतात. १८९१ साली प्राणिशास्त्रज्ञ व्हेज्दोव्स्की यांनी अल्जीरियातल्या एका ट्युबिफेक्सचं वर्णन केलं आणि त्याला ट्युबिफेक्स ब्लँचार्डी असं नाव दिलं. नेहमीच्या ट्युबिफेक्सच्या वरच्या जुडग्यांत केसासारखे रोम असतात, याच्यात नव्हते. पुढे १९८७ मध्ये चॅपमन आणि ब्रिंकहर्स्ट यांनी दाखवलं की पाण्यातले क्षार वगैरे बदलले की काही जातींमध्ये रोमांचं रूपही बदलतं. झालं! रोम नसलेला तो प्रकार म्हणजे खाऱ्या पाण्यातला साधाच ट्युबिफेक्स, असं मानणाऱ्यांना बळ मिळालं. मग इटलीच्या संशोधकांनी मिलानजवळच्या लांब्रो नदीतले दोन्ही प्रकार घेऊन त्यांचा डीएनए तपासला, तर ते वेगवेगळे निघाले. ब्लँचार्डी परत प्रजाती झाला. शंभरावर वर्षं, आणि वाद केसांचा!

आता हे उंचावरच्या सरोवराला लावा. अशी कित्येक सरोवरं बंदिस्त खोऱ्यात असतात. पाणी येतं, बाहेर जायला वाट नसते, वाफ होते आणि क्षार मागे राहतात. पँगाँगचं पाणी खारं लागतं. अँडीजमधलं टिटिकाका ३,८१० मीटरच्या आसपास आहे. त्यातून नदी बाहेर पडते, तरी बरंचसं पाणी वाफ होऊनच जातं आणि लिटरमागे साधारण एक ग्रॅम क्षार असतात. अशा ठिकाणी रोम वेगळे दिसले की पहिला संशय पाण्यावर घ्यायचा, नव्या प्रजातीवर नंतर.

दुसरा संशय सरोवराच्या वयावर. हिमनदीने खोदलेली सरोवरं दहा-पंधरा हजार वर्षांची, म्हणजे तरुण. स्वतःची वेगळी प्रजाती घडायला एवढा काळ बहुधा पुरत नाही, तिथे बाहेरून आलेले सर्वसंचारी कृमी मिळण्याची शक्यता जास्त. सायबेरियातल्या बैकलसारख्या फार जुन्या सरोवरात मात्र या गटाच्या प्रजाती दोनशेच्या घरात आहेत आणि बहुतेक जगात दुसरीकडे कुठे नाहीत. टिटिकाकाही जुनं. १९३७ मध्ये केरी गिल्सन यांच्या मोहिमेने तिथला गाळ आणला, १९३९ मध्ये चेर्नोस्वितोव्ह यांनी त्यातल्या कृमींवर निबंध लिहिला आणि नाइस अँडिना, लिम्नोड्रिलस निओट्रॉपिकस अशी नवी नावं त्यातून आली. आपल्याकडे १९३२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या मोहिमेबरोबर सरोवरांचे अभ्यासक हचिन्सन लडाखची सरोवरं अभ्यासून गेले. आणि या सगळ्याच्या आधी, १९२३ साली, लाहोरला प्राणिशास्त्र शिकवलेल्या स्टीफन्सन यांचा भारतातल्या गांडूळवर्गावरचा जाडजूड ग्रंथ आला. आजही नवा कृमी हाती आला की आधी तो उघडावा लागतो.

पहिल्यांदा कुठे सापडला यावरूनही गावठिकाण ठरवू नका. शेपटीवर कल्ले असलेला ब्रँकियुरा सोवर्बी आपल्याकडच्या तळ्यांत, भातखाचरांत मिळतो. मूळचा आशियातला. पण १८९२ मध्ये बेडार्ड यांनी त्याचं वर्णन केलं ते लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या एका कमळाच्या टाकीवरून!

आता डीएनएचा प्रश्न कोणीतरी विचारणारच. फॉर्मलिनमध्ये आकार छान टिकतो, पण डीएनए बिघडतो. म्हणून काही नमुने सरळ अल्कोहोलमध्ये टाकायचे. कृमीचे दोन भाग करायचे. पुढचा भाग, ज्यात जननेंद्रियं असतात, तो स्लाइडवर आणि शेपूट डीएनएसाठी. म्हणजे अनुक्रम नेमका कोणत्या शरीराचा, हे कायम तपासता येतं. डीएनएने काम सोपं झालं असं मात्र म्हणवत नाही. जगभर सगळीकडे मिळणारा लिम्नोड्रिलस हॉफमेइस्टेरी २०१७ च्या एका अभ्यासात दहा प्रजातींचा गठ्ठा निघाला. मग जुनं नाव त्या दहांतल्या कोणाचं, हे आधी ठरवावं लागतं.

एवढं करूनही वेगळेपण उरलंच, तर नाव. त्यातला एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत नमुना, म्हणून निवडायचा, तो संग्रहालयात जमा करायचा आणि जवळच्या प्रत्येक प्रजातीपासून हा कशाने वेगळा आहे ते छापायचं. नुसतं ऑनलाइन छापणार असाल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणीही हवी. स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाही, पण तशी रीत नाही. आणि प्रौढ नमुना मिळालाच नसेल, तर अहवालात ‘ट्युबिफेक्स उपकुळ, अप्रौढ’ एवढंच लिहायचं, आकडा टाकायचा आणि पुढच्या वर्षी कोणत्या महिन्यात जायचं ते ठरवायला बसायचं.