निरोप घेऊन आलेले, जागा सोडून गेलेले

(पडद्यावर: इटलीतलं राव्हेन्ना शहर. सांत आपोलिनारे नुओव्हो चर्चची आतली भिंत. कॅमेरा सावकाश वर सरकतो.)

मान बरीच वर करावी लागते. खिडक्यांच्याही वर, छताला लागून, रंगीत काचतुकड्यांची एक छोटी चौकट आहे. मधोमध येशू ख्रिस्त बसलाय. अंगात जांभळा झगा, चेहरा तरुण, दाढी नाही. त्याच्या उजव्या हाताला तीन मेंढरं, डाव्या हाताला तीन शेरडं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला शेवटच्या न्यायाचा हा प्रसंग: मेंढरं म्हणजे नीतिमान माणसं, शेरडं म्हणजे दोषी ठरलेली. राजा थिओडोरिकने सहाव्या शतकाच्या सुरुवातीला हे चर्च बांधलं, त्या काळातलं हे काम.

आता ख्रिस्ताच्या दोन्ही बाजूंचे देवदूत बघा. मेंढरांमागचा तांबडा, शेरडांमागचा निळा. पंख दोघांनाही आहेत, डोक्यामागे तेजोवलयही दोघांच्या आहे. शिंगं नाहीत, शेपूट नाही. काही अभ्यासकांच्या मते हा निळा देवदूत म्हणजे सैतान. तसं असेल, तर ख्रिस्ती कलेत सैतानाची जी अगदी सुरुवातीची चित्रं आहेत, त्यांतलं हे एक. सगळ्यांना हे पटत नाही. पण चौकटीखाली उभं राहिलं की एक प्रश्न काही केल्या हलत नाही. दोघं इतके सारखे दिसत असतील, तर ओळखायचं कशावरून?

शब्दापासून सुरू करू. हिब्रू भाषेत 'मलाख', ग्रीकमध्ये 'आंगेलोस'. दोन्हींचा अर्थ एकच: निरोप्या. एखाद्या राजाने धाडलेल्या जासुदालाही हाच शब्द चालायचा. सुरुवातीच्या चर्चमधला मोठा विचारवंत संत ऑगस्टिन, त्याने हे फार नेमकं मांडलंय. तो म्हणतो, देवदूत हे त्यांच्या कामाचं नाव आहे, स्वभावाचं नव्हे. ते काय आहेत असं विचाराल तर आत्मे. काय करतात असं विचाराल तर देवदूत. आपल्या 'देवदूत' या शब्दातही दूत आहेच की. पण पंखच डोळ्यांत इतके भरतात की दूत विसरला जातो.

खरं तर पंख फार उशिरा आले. बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात मम्रेच्या झाडांपाशी, भर उन्हाच्या वेळी, अब्राहामासमोर तीन पुरुष उभे राहतात. तो त्यांना पाय धुवायला पाणी देतो, भाकरी भाजायला सांगतो, कोवळं वासरू रांधायला देतो. पंखांचा उल्लेखही नाही. रोममध्ये प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत येशूच्या आईला, मरीयेला निरोप सांगणाऱ्या देवदूताचं म्हणून ओळखलं जाणारं जुनं चित्र आहे; तिथेही बिनपंखांचा, साध्या कपड्यातला माणूसच दिसतो. ख्रिस्ती कलेत पंखांचे देवदूत रुळले ते चौथ्या शतकाच्या अखेरीपासून.

(पडद्यावर: काळोख. धूर. हळूहळू उजळणारा एक निखारा.)

मग पंख आले कुठून? यशया संदेष्ट्याला झालेलं दर्शन वाचा. मंदिर धुराने भरलंय, उंबरठे हादरताहेत, आणि सिंहासनाभोवती सराफीम नावाचे देवदूत उभे आहेत. प्रत्येकाला सहा पंख. दोन पंखांनी ते तोंड झाकतात, दोन पंखांनी पाय झाकतात, आणि उडायला उरतात फक्त दोन. मला या हिशेबाचं नेहमी नवल वाटतं. सहातले चार पंख स्वतःला झाकण्यासाठी! देवासमोर उभं राहताना आपण दिसू नये, एवढीच त्यांची धडपड. त्यांच्यातलाच एक चिमट्याने वेदीवरचा निखारा उचलतो आणि यशयाच्या ओठांना लावतो. यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याने पाहिलेले करूब नावाचे देवदूत तर आणखी वेगळे: माणूस, सिंह, बैल आणि गरुड अशी चार तोंडं, आणि शेजारी डोळ्यांनी भरलेली चाकं. शुभेच्छापत्रांवरच्या गुबगुबीत बाळांशी यांचं काही नातं नाही. असं काही समोर आलं तर माणसाचे पाय लटपटणारच, म्हणून तर देवदूताच्या तोंडचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा 'भिऊ नकोस' असं असतं.

पुढे माणसांना या अदृश्य जगाची व्यवस्था लावावीशी वाटली. इसवी सन 500च्या सुमारास, दियोनिसियस या नावाने लिहिणाऱ्या एका अज्ञात लेखकाने देवदूतांच्या नऊ श्रेणी मांडल्या. सगळ्यांत वर सराफीम, सगळ्यांत खाली साधे देवदूत. मध्ययुगाने ती उतरंड उचलून धरली. पण नावांच्या बाबतीत चर्च फार सावध राहिलं. 745 साली पोप झकारियाच्या अध्यक्षतेखाली रोममध्ये धर्मसभा भरली. आल्डेबर्ट नावाचा एक उपदेशक उरीएल, रागुएल अशी आठ नावं घेऊन प्रार्थना करायचा. सभेने त्यातलं मीखाएलचं नाव तेवढं मान्य केलं, आणि आपल्याला तीनच नावं ठाऊक आहेत असं बजावलं: मीखाएल, गब्रीएल, रफाएल. त्यातलाही रफाएल ज्या तोबीतच्या पुस्तकात येतो, ते कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पवित्र शास्त्रात धरतात, प्रोटेस्टंट धरत नाहीत.

(पडद्यावर: पहाटेचं आकाश. क्षितिजावर शुक्र.)

आता देवदूतांच्या पतनाकडे येऊ. पुष्कळांना वाटतं की लूसिफर नावाच्या देखण्या देवदूताने बंड केलं आणि त्याला स्वर्गातून खाली ढकललं, ही गोष्ट पवित्र शास्त्रात एका जागी सलग लिहिलेली आहे. तशी ती नाही. ती तुकड्यातुकड्यांनी जुळवलेली आहे.

यशयाच्या चौदाव्या अध्यायात बाबेलच्या राजाला उद्देशून एक टोमण्याचं गीत आहे. पहाटेच्या ताऱ्या, तू आकाशातून कसा रे पडलास! संत जेरोमने लॅटिन भाषांतर करताना त्या ताऱ्याला त्या काळचा रोजचा शब्द वापरला: 'लूसिफर', प्रकाश आणणारा. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनसारख्या विचारवंतांनी हे गीत सैतानाला लावून वाचलं होतंच, आणि पुढे ताऱ्याचा शब्द सैतानाचं नाव होऊन बसला. पण त्याच लॅटिन शास्त्रात, पेत्राच्या दुसऱ्या पत्रात, तुमच्या अंतःकरणात प्रभाततारा उगवेल असं म्हटलंय, तिथेही शब्द 'लूसिफर'च आहे. इतकंच काय, चौथ्या शतकात सार्डिनियातल्या काल्यारीचे बिशप होते, त्यांचं नाव लूसिफर होतं. कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

बाकीचे तुकडे असे विखुरलेले. ईयोबाच्या पुस्तकात 'सैतान' म्हणजे आरोप ठेवणारा, आणि तो देवाच्या दरबारात येऊन उभा राहतो. लूकच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, सैतानाला विजेसारखं आकाशातून पडताना मी पाहिलं. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात मीखाएल आणि त्याचे दूत अजगराशी लढतात. हनोखच्या नावाने लिहिलेल्या ज्यू ग्रंथात दोनशे देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, मानवी स्त्रियांशी लग्नं लावतात आणि माणसांना शस्त्रं घडवायला शिकवतात. या ग्रंथाचे अरामी तुकडे मृत समुद्राकाठच्या गुहांमध्ये सापडले. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तो आजही पवित्र शास्त्राचा भाग आहे.

चर्चने यातून जो विचार पक्का केला, तो 1215च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेत स्पष्ट शब्दांत येतो: सैतान आणि इतर दुष्ट आत्मे देवाने चांगलेच निर्माण केले होते, ते आपणहून वाईट झाले. हे वाक्य फार मोठं आहे. देवाच्या बरोबरीचा, अनादि काळापासूनचा असा कुणी वाईटाचा देव ख्रिस्ती श्रद्धेत नाही. सैतानही निर्माण केलेलाच. कधी तरी हे पतित देवदूतही पश्चात्ताप करून परततील का? ओरिगेनच्या विचारात ती आशा होती. सहाव्या शतकात चर्चने ती नाकारली.

पण त्यांनी नेमकं केलं तरी काय? बायबलमधलं यहूदाचं पत्र अगदी छोटं आहे, एकाच अध्यायाचं. त्यात या देवदूतांबद्दल म्हटलंय की त्यांनी आपलं अधिकारपद राखलं नाही, आपलं वसतिस्थान सोडलं. ऑगस्टिन त्याला गर्व म्हणतो: देवाकडची पाठवणी सोडून स्वतःकडे वळणं. मला वाटतं, राव्हेन्नाच्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडतं, आणि ते बघायला दोन प्रसंग शेजारी ठेवावे लागतात.

पहिला ओसाड रानातला. चाळीस दिवसांच्या उपासाने येशू भुकेला आहे. सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेतो, खाली उडी टाक म्हणतो, आणि वर स्तोत्रातलं वचन म्हणून दाखवतो. वचन कशाबद्दल? देवदूतांबद्दल. ते तुला हातांवर झेलतील. शब्द न् शब्द त्याला पाठ आहे! मग जगातली सगळी राज्यं दाखवून तो मनातलं बोलतो: माझ्या पाया पड, हे सगळं तुला देतो.

दुसरा प्रसंग प्रकटीकरणाच्या अगदी शेवटचा. एवढी दर्शनं दाखवणाऱ्या देवदूताच्या पायांशी ती दर्शनं पाहणारा योहान लोटांगण घालतो. देवदूत त्याला तिथल्या तिथे थांबवतो. असं करू नकोस, मी तुझ्यासारखाच दास आहे, नमन देवाला कर.

(पडद्यावर: साधी रिकामी खोली. उघडं दार. भिंतीवर सरकणारं ऊन.)

गालीलातलं नासरेथ गाव. गब्रीएल मरीयेपाशी येतो. ती घाबरते, तो भिऊ नकोस म्हणतो. तिला मुलगा होईल, त्याचं नाव येशू ठेव, असं सांगतो. ती विचारते, हे कसं होईल? तो समजावतो. ती हो म्हणते. पुढे लूकने गब्रीएलची स्तुती लिहिलेली नाही, त्याच्या तेजाचं वर्णन केलेलं नाही. एवढंच लिहिलंय की मग देवदूत तिच्यापासून निघून गेला.

निरोप सांगून झाला होता. त्याने तिचा निरोप घेतला.