राणीच्या बागेत, प्राण्यांच्या आधी

(फाटकातून आत येणारी शाळेची रांग. वर कावळ्यांचा कालवा.)

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की दहाएक मिनिटांत राणीची बाग. शाळेची सहल असो, नाहीतर मे महिन्यात मामाकडे आलेली भाचरं, फाटकातून आत शिरलं की पाय सरळ पिंजऱ्यांकडे वळायचे. वाटेत एक उंच खांबांची इमारत लागायची. बाई म्हणायच्या, "परतताना बघू." परतताना सगळ्यांना भूक लागलेली असायची.

आज क्रम उलटा ठेवू. आधी ती इमारत, मग झाडं, मग प्राणी.

(डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, दर्शनी बाजू.)

मुंबईला संग्रहालय मिळालं ते एका फसलेल्या प्रयत्नानंतर. फोर्टमधल्या बराकीत काही वस्तू जमवल्या होत्या. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला ती जागा हवी झाली आणि घाईघाईने हलवताना बऱ्याच वस्तूंची वाताहत झाली. मग इंग्रज डॉक्टर जॉर्ज बर्डवुड, व्यापारी जगन्नाथ शंकरशेट आणि गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वर्गणीसाठी कंबर कसली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी पायाभरणी झाली, त्याच दिवशी बागही उघडली. पैसा होता अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीचा. १८६५ मध्ये ते युद्ध संपलं, तेजी कोसळली, वर्गणी आटली. शेवटी सरकारने खर्च उचलला आणि २ मे १८७२ रोजी दारं उघडली. १९७५ पासून या वास्तूला भाऊ दाजींचं नाव आहे.

(आतलं मुख्य दालन. कॅमेरा फरशीवरून वर छताकडे.)

लगेच कपाटांकडे जाऊ नका. दालनाच्या मधोमध थांबा आणि मान वर करा. दोन मजल्यांची उंची, चारही बाजूंनी फिरणारा सज्जा, त्याला पेलणारे ओतीव लोखंडाचे खांब, पायाखाली इंग्लंडहून आलेल्या मिंटन कंपनीच्या फरश्या. बाहेरून धीरगंभीर वाटणारी ही इमारत आतून अशी रंगीत आणि सोनेरी आहे, हे लहानपणी कुणी सांगितलंच नव्हतं.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र तिची पार रया गेली होती. २००३ साली महानगरपालिका, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला. दुरुस्तीला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा खुलं झालं.

अशा वास्तूची दुरुस्ती रंगापासून सुरू होत नाही. आधी छप्पर आणि पन्हळी, कारण गळती थांबल्याशिवाय खालचं सगळं काम वाया. मग भिंती. चुन्याचा गिलावा पावसात ओल पितो आणि कोरड्या दिवसांत ती बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट थापलं किंवा ऑइल पेंट मारला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात, भिंतीला लोणा लागतो, पापुद्रे सुटतात. बरेच जण त्यावर आणखी सिमेंट थापतात आणि दुखणं वाढवतात. खरा उपाय वेळखाऊ आहे. सिमेंट खरवडून काढायचं, भिंत पुरती वाळू द्यायची, मुरवलेल्या चुन्याचा गिलावा पातळ थरांत द्यायचा आणि एक थर धरल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही.

मूळ रंग शोधण्यासाठी धारदार पात्याने नखाएवढी जागा उघडतात. एकाखाली एक पुटं दिसत जातात, आणि सगळ्यांत खालचं पूट म्हणजे पहिला रंग.

(खांबाच्या माथ्यावरची सोनेरी नक्षी, अगदी जवळून.)

आणि हा सोन्याचा वर्ख. आधी नक्षीवर चिकट रोगणाचा पातळ हात. ते बोटाला जेमतेम चिकटेल अशा बेताला आलं की मऊ कुंचल्याने वर्ख उचलून अलगद टेकवायचा. घाई केली तर वर्ख रोगणात बुडतो आणि चकाकी जाते. उशीर झाला तर तो धरतच नाही. काम चालू असताना पंखा बंद, कारण वर्ख श्वासानेही उडतो.

वरच्या मजल्यावर मातीच्या लहान मूर्ती आहेत, नाना जातिजमातींच्या आणि धंद्यांच्या. पगड्यांचे घाट एकेक करून बघा. मुंबईत कोण कोण राहत होतं, याची एवढी नेमकी नोंद क्वचितच पाहायला मिळते.

(संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती.)

घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' म्हटलं ते या हत्तीमुळे. १८१४ साली त्याची मान आणि डोकं निखळलं. पुढे १८६४ मध्ये तुकडे इथे आले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. थोडं जवळ जा, सांधे दिसतील. शहरातून हलवलेले इंग्रजांचे पुतळेही इमारतीच्या मागे आहेत. ज्याच्यामुळे फोर्टमधल्या एका भागाला 'काळा घोडा' हे नाव पडलं, तो घोडासुद्धा १९६५ पासून याच बागेत आहे.

(झाडांच्या सावलीतली वाट.)

आता झाडं. जाड, सुजल्यासारख्या बुंध्याची ती गोरखचिंच, मूळची आफ्रिकेची. तिची मोठी पांढरी फुलं पावसाळ्याच्या तोंडाशी संध्याकाळी उमलतात आणि सकाळपर्यंत मलूल होतात. परागीकरण वटवाघळं करतात. कैलासपतीची फुलं फांदीला न येता थेट बुंध्यावर येतात. सकाळी वास घ्या, पण खाली रेंगाळू नका, फळं तोफगोळ्याएवढी जड असतात. उर्वशी म्यानमारची. तिचे लाल झुंबरासारखे घोस बघायचे तर थंडी सरताना या.

या झाडांना सर्वांत मोठा धोका आहे बुंध्यालगत बसवलेल्या काँक्रीटचा. मुळांना हवा लागते. माती दाबली गेली की बारीक मुळं गुदमरून मरतात, वरून झाड हिरवं दिसत राहतं आणि जोराच्या वाऱ्यात अचानक आडवं होतं. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी हवी. तसं दिसलं नाही तर उद्यान विभागाला फोटोसह लेखी कळवा, झाडाची नेमकी जागा लिहून.

संग्रहालयाचं तिकीट वेगळं असतं, ते सकाळी १० ला उघडतं, आणि बुधवारी बाग व संग्रहालय दोन्ही बंद असतात. दालनाला दीड तास द्या, झाडांना एक. मग मुलांचा हात धरून वाघाकडे चला.