पाठीवरचा हात, यंत्रामार्फत

[दृश्य: रुग्णालयातला पलंग. रुग्णाचा पंजा, आणि त्याला खालून-वरून बिलगलेले पाण्याने फुगलेले दोन रबरी हातमोजे.]

निवेदन :

साल २०२१. करोनाची साथ ऐन भरात होती. ब्राझीलमधल्या परिचारिकांनी रबरी हातमोज्यांत कोमट पाणी भरलं, तोंडाला गाठ मारली आणि असे दोन मोजे रुग्णाच्या पंजाला खालून-वरून लावून बोटांत बोटं गुंतवली. यामागे एक वैद्यकीय कारणही होतं. बोटं गार पडली की ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर आकडा नीट येत नाही, हाताला ऊब मिळाली की येतो. पण ते छायाचित्र जगभर फिरलं ते आकड्यासाठी नव्हे. विलगीकरणात एकट्या पडलेल्या माणसाला वाटावं की कुणीतरी आपला हात धरून बसलंय, एवढाच त्यातला मतलब लोकांना भिडला.

या मोज्यात चिप नाही, बॅटरी नाही. पण ऊब आहे, वजन आहे, आणि तो हलत नाही. आभासी वास्तवात, म्हणजे डोळ्यांवरच्या हेडसेटमधून दिसणाऱ्या संगणकी जगात, स्पर्श आणू पाहणाऱ्या भल्याभल्या प्रयोगशाळा नेमक्या याच तीन गोष्टींपाशी अडतात.

[दृश्य: उघडा हात. त्यावरून संथपणे फिरणारा मऊ ब्रश.]

निवेदन :

आपल्या त्वचेत स्पर्शाचे चेतातंतू एकाच जातीचे नसतात. खिशात हात घातल्यावर किल्ली लागली की नाणं, हे सांगणारे तंतू चपळ. त्यांचा निरोप सेकंदाला पन्नासेक मीटर धावतो. दुसरे तंतू आहेत ते सी-टॅक्टाइल. ते केसाळ त्वचेत असतात, म्हणजे दंडावर, पाठीवर, गालावर. त्यांचा निरोप सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकतो. त्यांना किल्ली-नाण्याचं सोयरसुतक नाही. त्यांना कळतं ते गोंजारणं.

स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसाच्या हातातल्या एकेका तंतूपर्यंत केसाएवढी सुई नेऊन हे टिपलं. वरून ब्रश फिरतोय आणि आत तंतूचे ठोके मोजले जाताहेत, असा तो प्रयोग. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ब्रश सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाने फिरला तर हे तंतू सर्वांत जास्त जागे होतात. वेग वाढवा, नाहीतर फारच कमी करा, ते मंदावतात. गंमत म्हणजे, माणसांना कोणता वेग सुखाचा वाटतो हे विचारलं, तर तिथेही तसाच आलेख निघाला. पुढे तापमानाचीही भर पडली : स्पर्श त्वचेइतकाच उबदार हवा, साधारण ३२ अंश सेल्सिअस.

हा वेग आईबापांना कुणी शिकवत नाही. आपल्या बाळाला गोंजारायला सांगितलं, की त्यांचा हात आपसूक याच वेगाने फिरतो. त्याच माणसांना कृत्रिम हातावरून हात फिरवायला सांगितला, तर वेग वाढतो. उरकून टाकल्यासारखा.

[दृश्य: हेडसेट, कंट्रोलर, तारा लावलेले हातमोजे.]

निवेदन :

आता यंत्रांकडे या. हातात धरायच्या कंट्रोलरमध्ये असते ती थरथरणारी बारीक मोटार. बंदुकीचा धक्का, चेंडूचा टप्पा, दार आपटल्याचा हादरा, हे तिला झकास जमतं. पण थरथरीने कुणाचं सांत्वन होत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाशी संबंधित चमूने २०१९ साली त्वचेला चिकटणारी मऊ पट्टी तयार केली. तिच्यात ३२ सूक्ष्म कंपक बसवले होते, आणि त्यांना वीज तारेशिवाय मिळत होती. काम देखणं आहे, यात वाद नाही. तरीही शेवटी ती थरथरच. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी तर अंगाला काही न लावता, अल्ट्रासाउंडच्या म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या लहरी एका बिंदूवर एकवटून तळहाताला हवेतच स्पर्श घडवला. हात घातला की कळतं, इथे काहीतरी आहे. त्या ‘काहीतरी’ला ना वजन, ना ऊब.

आमच्या मते इथे गणितच उलटं मांडलं गेलं. मोटार सोपी, म्हणून मोटारीला जमेल तोच स्पर्श असं धरून चाललं.

[दृश्य: टेबलावर रबरी हात. आडोशामागे खरा हात. दोन ब्रश एकाच तालात.]

निवेदन :

मग वाट कुठून निघते? डोळ्यांकडून. १९९८ साली मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी एक साधा प्रयोग केला. माणसाचा खरा हात आडोशामागे लपवला, समोर रबरी हात ठेवला आणि दोन्हींवरून एकाच वेळी ब्रश फिरवला. थोड्या वेळाने लोकांना रबरी हात आपलाच वाटायला लागला. डोळा आणि त्वचा एकाच वेळी एकच गोष्ट सांगत असतील, तर मेंदू फार चौकशी करत नाही.

मिश्र वास्तवाची सगळी मदार या उणिवेवर आहे. नव्वदच्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठात कोळ्याच्या भीतीवर उपचार करताना हेडसेटमध्ये कोळी दाखवला गेला, आणि रुग्णाचा हात पोचला तिथे प्रत्यक्षात केसाळ खेळणं ठेवलेलं होतं. डोळ्याला आभासी, हाताला खरं. घाबरवायला जे चालतं ते धीर द्यायलाही चालेल. समजा, हेडसेटमध्ये आजी दिसते आणि मिठीत येते उशी, आत गरम पाण्याची पिशवी असलेली. तंत्रज्ञानाच्या प्रदर्शनात असल्या उशीला कुणी टाळ्या वाजवणार नाही. पण सी-टॅक्टाइल तंतूंना प्रदर्शनात रस नसतो.

[दृश्य: हेडसेट घातलेली स्त्री. हातात मोजे. भोवती हिरवी भिंत.]

निवेदन :

२०२० साली दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीने एका आईची, काही वर्षांपूर्वी आजाराने गेलेल्या तिच्या मुलीशी आभासी भेट घडवली. मुलीची आकृती संगणकाने उभी केली होती. प्रत्यक्षात तिथे होती ती हिरव्या भिंतीसमोर उभी असलेली, हवेत हात पुढे करणारी आई. बघणाऱ्यांचे डोळे भरून आले. बऱ्याच जणांना वाहिनीचा रागही आला. दोन्ही गोष्टी आम्हाला समजतात. पण आमचा प्रश्न वेगळा आहे : त्या हाताला पलीकडून काय मिळत होतं?

कारण स्पर्श करणारा कोण, हे त्वचेपासून वेगळं काढता येत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुरुषांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून त्यांच्या पायावरून हात फिरवला गेला. पडद्यावर कधी देखणी तरुणी दिसे, कधी पुरुष. प्रत्यक्षात हात दर वेळी त्याच स्त्रीचा होता. तरीही मेंदूचा जो भाग फक्त स्पर्शाची नोंद घेतो असं मानलं जायचं, तिथलाच प्रतिसाद बदलला. म्हणजे हात तोच, पण मेंदूला लागला तो वेगळा.

म्हणूनच ऑक्टोबर २००२ मधला एक जुना प्रयोग आम्हाला आजच्या महागड्या मोज्यांपेक्षा मोलाचा वाटतो. एक माणूस अमेरिकेत बोस्टनजवळच्या एमआयटी विद्यापीठात, दुसरा लंडनमध्ये. दोघांनी यांत्रिक दांड्या धरून पडद्यावरचा एकच ठोकळा मिळून उचलला. समोरच्याने जोर लावला की हाताला कळायचं. स्पर्श ओबडधोबड होता, पण पलीकडे त्या क्षणी जिवंत माणूस होता.

२०२४ मध्ये १३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. वस्तू किंवा रोबोटच्या स्पर्शाने शरीराला होणारा फायदा माणसाच्या स्पर्शाच्या जवळपास जातो, मनाला होणारा मात्र कमी पडतो, असं त्यात दिसलं. नवजात बाळांना तर आईवडिलांच्या स्पर्शाने जेवढा फायदा होतो, तेवढा रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या स्पर्शानेही होत नाही.

[दृश्य: आभासी खोलीतल्या आकृत्या. एक दुसरीच्या फार जवळ येते, मध्येच थांबते.]

निवेदन :

आणि नको असलेल्या स्पर्शाचं काय? माणसं संगणकी आकृत्यांच्या रूपात एकमेकांना भेटतात त्या आभासी खोल्यांत अंगचटीला येण्याच्या तक्रारी वाढल्यावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीला आपल्या आभासी जगात दोन आकृत्यांमध्ये सुमारे चार फुटांचं अंतर आखावं लागलं. तेव्हा प्रश्न बव्हंशी डोळ्यांपुरता होता. अंगात स्पर्श पोचवणारं जाकीट आलं, की तो कातडीपर्यंत येतो. जाकीट बंद करायचं बटण कुणाच्या हातात, हे त्याच्या मोटारी निवडण्याआधी ठरायला हवं. शिवाय स्पर्श एकदा नोंदवता आला की त्याची फाइल होते, आणि फाइल कुणालाही पाठवता येते. आईने आज मुलाच्या पाठीवरून फिरवलेला हात दहा वर्षांनी पुन्हा चालवायचा असेल, तर परवानगी कुणाची घ्यायची?