दरवर्षी नवा झगा

श्रोतेहो, नमस्कार. आणि ऐकत असलेल्या ख्रिस्ती बंधुभगिनींना सलाम.

चर्चमधली मुलांची रविवारची शाळा, म्हणजे शब्बाथशाळा, घेणाऱ्या कुणालाही विचारा, हजेरीपटावरची नावं गळायला लागतात ती सातवी-आठवीपासून. पाचवीपर्यंतची पोरं रविवारी सकाळी काखेत बायबल आणि मुठीत अर्पणाचं नाणं घेऊन धावत येतात. वचनं घडाघडा म्हणतात, नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला भांडतात. मग मिसरूड फुटतं, आवाज घोगरा होतो, मुलगी उंचीनं आईला गाठते, आणि रविवार उजाडला की क्लास असतो, प्रोजेक्ट असतं, नाहीतर डोकं तरी दुखत असतं. आईवडील पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, गाठतात. "साहेब, तुम्ही जरा समजावून सांगा. आमचं ऐकत नाही." आता गंमत बघा, समजावून सांगणं तर जन्मापासून चाललेलंच आहे. घरी आई सांगते, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक सांगतात, सुट्टीत गावी गेलं की आजी सांगते. त्या पोराला काही सांगायचं असेल तर ते कुठं सांगायचं, एवढं मात्र ठरलेलं नाही.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं किशोरवयाचं मुख्य काम 'मी कोण' याचा शोध हेच मानलं. त्याचा धागा पुढे नेत जेम्स मार्शिया यांनी १९६६ साली एक गोष्ट दाखवली, जी आपल्यासारख्या धार्मिक घरांनी लक्षपूर्वक ऐकावी. काही मुलं शोध घेतच नाहीत. आईवडिलांनी दिलेली ओळख आहे तशी अंगावर चढवतात. अशी मुलं फार शहाणी वाटतात. प्रार्थना चुकवत नाहीत, उलट बोलत नाहीत, पाहुण्यांसमोर गाणं म्हणून दाखवतात. आपल्याला ती आवडतात, कारण त्यांचा त्रास नसतो. पण जे कधी तपासून पाहिलेलं नाही, ते पुण्या-मुंबईच्या होस्टेलवर पहिला धक्का बसल्यावर कितपत टिकेल? मला तर कुरकुर करणाऱ्या पोरापेक्षा या मुलांची काळजी जास्त वाटते.

बायबलमधल्या 'पहिला शमुवेल' या पुस्तकात हन्नाची गोष्ट आहे. नवसानं झालेला मुलगा शमुवेल तिनं शिलो इथं परमेश्वराच्या मंदिरात एली याजकाच्या हाती सोपवला. पुढे एक छोटंसं वाक्य येतं, ज्यावर प्रवचन क्वचितच होतं: त्याची आई दरवर्षी यज्ञाला येताना त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून आणी. दरवर्षी. म्हणजे पोर वर्षभरात किती वाढलं असेल याचा अंदाज ती माउली लांब बसून घेत होती आणि नव्या मापाचं कापड बेतत होती. आपण काय करतो? सहाव्या वर्षी शिवलेला विश्वासाचा झगा चौदाव्या वर्षी त्याच पोराच्या गळ्यात अडकवायला बघतो, आणि हात बाहेर निघत नाहीत म्हणून पोरालाच ओरडतो. नोहाच्या तारवात जिराफ कसा मावला, हा सहा वर्षांच्या मुलाचा प्रश्न. चौदा वर्षांच्या मुलीचा प्रश्न निराळा असतो.

असा एक प्रश्न सांगते. आठवीतल्या एका मुलीनं भर वर्गात विचारला. "बाई, माझ्या मैत्रिणीची आजी रोज तुळशीला पाणी घालते. माझ्यासाठी पुरणपोळी बाजूला काढून ठेवते. ती येशूला मानत नाही. मग तिचं काय होणार?" सगळा वर्ग गप्प. ही मुलगी वात्रटपणा करत नव्हती. जिच्या हातची पोळी खाल्ली त्या बाईबद्दल तिला खरोखर काळजी होती. अशा वेळी 'असलं विचारू नये' हे सगळ्यात वाईट उत्तर. दोन वाक्यांत निकाल लावून टाकणं, तेही बरं नाही. आम्ही त्या रविवारचा पाठ बाजूला ठेवला आणि वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला उघडला. येशूनं शेजारधर्माचा नमुना म्हणून कुणाला उभं केलं? ऐकणाऱ्यांच्या पंथाबाहेरच्या माणसाला. न्याय कोणाच्या हातात आहे, यावर मुलं तासभर बोलली. सगळं सुटलं असं नाही. पण पुढच्या रविवारी ती मुलगी आली, आणि येताना आणखी दोन प्रश्न घेऊन आली.

प्रश्नांना घाबरणाऱ्यांनी लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला बारा वर्षांचा येशू पुन्हा वाचावा. वल्हांडण सणाला यरुशलेमेत गेलेलं कुटुंब परत निघतं आणि मुलगा मागेच राहतो. तीन दिवसांनी सापडतो तो मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसलेला, त्यांचं ऐकताना आणि त्यांना प्रश्न विचारताना. ते विद्वान म्हातारे त्याला हाकलत नाहीत. आई मात्र रागावते, आणि तिचं रागावणं साहजिकच आहे. त्याचं उत्तर आईवडिलांना कळलं नाही, असं लूक सरळ लिहितो. चौदा वर्षांच्या मुलाचं बोलणं कळेनासं झालेल्या आईबापांनो, मरियेलाही कळलं नव्हतं. तिनं ते सगळं मनात जपून ठेवलं. मुलगा नासरेथला परत गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. प्रश्न विचारणं आणि आज्ञेत राहणं एकाच मुलाला जमतं, हे तिथं लिहून ठेवलंय.

प्रश्नांना जागा दिली की दुसरी गरज असते कामाची. खऱ्या कामाची. मुलांना नुसतं बसवून ठेवलं की ती मोबाइल काढणारच. शमुवेल मंदिरात नुसता राहत नव्हता, सकाळी परमेश्वराच्या घराचे दरवाजे तो उघडत असे. आणि रात्री परमेश्वराची हाक आल्यावर त्याला जे समजलं ते तर एलीच्याच घराण्याविरुद्ध होतं. पोरगं सांगायला घाबरलं. एली म्हणाला, काहीही लपवू नकोस. वडीलधाऱ्यानं पोराच्या तोंडून स्वतःविरुद्धचं ऐकून घ्यावं, याला मोठं काळीज लागतं. आपल्या मंडळीच्या कमिटीत असे एली किती निघतील, हा हिशेब आपला आपण करावा.

एका मंडळीत कॅरलपार्टीच्या, म्हणजे नाताळची गाणी म्हणत घरोघरी फिरणाऱ्या गटाच्या, जमाखर्चाची वही नववीतल्या मुलाकडे दिली होती. तोवर त्याची ओळख 'मागच्या बाकावरचा' एवढीच. डिसेंबरच्या थंडीत टेम्पो गल्लोगल्ली फिरायचा, ढोलकी आणि झांजा वाजायच्या, घरोघरी चहा आणि करंज्या, आणि हा पठ्ठ्या टेम्पोच्या फाळक्याला टेकून, मोबाइलची बॅटरी दातात धरून नावं आणि आकडे लिहायचा. नवीन वर्षाच्या मीटिंगमध्ये त्यानं उभं राहून हिशेब वाचला. चाळीस रुपये जुळेनात. खजिनदारांनी भुवया उंचावल्या. पोरगं लाल झालं, वही उलटी-सुलटी केली आणि म्हणालं, "ड्रायव्हरकाकांना रात्री मिसळपाव दिला, तो लिहायचा राहिला." खजिनदारांनी वहीत ती ओळ त्याच्याच हातानं लिहवून घेतली आणि खाली सही केली. पोर लहान आहे म्हणून कुणी सूट दिली नाही. प्रेषित पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलं की कोणी तुझं तारुण्य तुच्छ मानू नये. तुच्छ न मानण्यात हिशेब नीट मागणंही आलं.

आता जरा अवघड विषय. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मुलाला शाळेत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "तुमच्या घरी इंग्लिश बोलतात का?" आणि "आडनावावरून तर वाटत नाही!" साळवे, गायकवाड, शिंदे आडनावाच्या या मुलाला वाटायला लागतं की मराठी असणं आणि ख्रिस्ती असणं यांतलं एक काहीतरी उसनं आहे. त्याला त्याचं घराणं दाखवा. फादर स्टीफन्सचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची जखमी पक्षिणीवरची कविता शेजारच्या आजोबांना अजून पाठ असेल, त्यांना म्हणायला सांगा. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

पण नुसती मोठी नावं सांगून भागत नाही. त्या माणसांनी आपली श्रद्धा कशी कमावली, ते सांगा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. ताटातूट सोसली, एकत्र आल्यावरही सोवळंओवळं सोडलं नाही, वाद घातले, आणि स्वतःचं मन वळलं तेव्हाच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी तिथल्या धर्मभगिनींशी सिद्धांतांवरून त्यांचा पत्रांतून वाद चाललाच. कुणी सांगितलं म्हणून मान डोलावणारी ती बाई नव्हे. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभारलं आणि अखेरची वर्षं मराठी बायबलच्या भाषांतराला दिली. तुमच्या उलट प्रश्न विचारणाऱ्या मुलीला ही रमाबाई सांगा.

घराण्याचा दुसरा भागही मुलांपासून लपवू नये. आपल्यातली पुष्कळ घरं गावकुसाबाहेरून आलेली आहेत. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आधी मुख्यतः हिंदूंना लागू होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आलेले नाहीत, म्हणजे त्यांना त्या जातींच्या सवलती मिळत नाहीत. त्यामुळे अर्जावर काय लिहायचं, दाखल्यावर काय आहे, ही कुजबुज कितीतरी घरांत चालते. मुलांना वाटतं आपलं काहीतरी चोरटं आहे. "शाळेत सांगू नकोस हं," हे वाक्य मूल ज्या दिवशी ऐकतं, त्या दिवशी वर्षभराचे धडे पुसले जातात. त्यापेक्षा कायदा काय आहे, आपल्या घरानं काय ठरवलं, का ठरवलं, त्यात कुठं ओढाताण झाली, हे आठवीतल्या मुलासमोर बसून सांगा. त्याला समजतं. आजोबांनी काय सोसलं आणि येशूच्या मागे गेल्यावर त्यांना काय मिळालं, हेही त्याच बैठकीत सांगा.

आणि मार्कांबद्दल. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाल्यावर येशूनं आकाशातून वाणी ऐकली, तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. तोपर्यंत मार्कच्या शुभवर्तमानात येशूनं एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही. शाबासकी आधी आली, काम नंतर. आपल्या घरात क्रम उलटा असतो. आधी टक्के, मग पेढे. ऐंशीच्या वर गेलेल्याची साक्ष, म्हणजे देवाचे जाहीर आभार, मंडळीत होते, त्याला पुष्पगुच्छ मिळतो, आणि पंचेचाळीस टक्केवाला त्या रविवारी घरी झोपलेला असतो. ख्रिस्ती ओळखीचा पाया जर त्या वाणीत असेल, तर निकालानंतरच्या रविवारी पाळकांनी आणि वडीलमंडळींनी पहिली भेट द्यायची ती त्या झोपलेल्या पोराच्या घरी. पेढे घेऊन.

शेवटी दृढीकरणाबद्दल थोडं बोलते. आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत बिशपसाहेब येतात, मुलांच्या डोक्यावर हात ठेवतात, मुलं स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करतात. तयारीच्या वर्गात विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाच्या कबुलीचा ठरलेला मजकूर, आणि दहा आज्ञा पाठ करून घेतल्या जातात, त्या घ्याव्यातच. पण त्याबरोबर प्रत्येकाला एक कोरा कागद द्यावा आणि म्हणावं, तुला यातलं काय पटतं आणि काय अजून पटलेलं नाही, ते लिही. कागद पाळकांशिवाय कुणी वाचणार नाही, आईवडीलसुद्धा नाही. आणि एखाद्यानं लिहिलं की मी अजून तयार नाही, तर त्याच्या घरी गडबड उडवू नये. नवे कपडे शिवून झालेत, पाहुण्यांना निरोप गेलेत, हे काही कारण होत नाही. त्याला थांबू द्यावं. वही, टेम्पो, ढोलकी, सगळं त्याच्याकडे तसंच राहू द्यावं. बिशपसाहेब पुढच्या वर्षीही येणारच आहेत.

नमस्कार.